ॲप स्टोअरची वाट आणि मुक्त परवाना



मुंबईत कोस्टल रोडच्या पुलाचा आराखडा आला, तेव्हा वरळी कोळीवाड्यातल्या क्लीव्हलँड बंदरावरच्या कोळी बांधवांनी एक प्रश्न शेवटपर्यंत लावून धरला : दोन खांबांमध्ये अंतर किती? आराखड्यात ते ६० मीटर होते. वाऱ्यालाटांत तेवढ्या वाटेने बोट काढणे धोक्याचे, हे त्यांनी आंदोलन करून सांगितले. अखेर आठवा खांब वगळून सातव्या आणि नवव्या खांबांत १२० मीटर अंतर ठेवण्याचे मान्य झाले. बोट स्वतःची असली तरी बाहेर पडायची वाट दुसराच आखतो. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचीही मोबाइलच्या ॲप स्टोअरपुढे हीच अडचण आहे.

व्हीएलसी या मुक्त व्हिडिओ प्लेअरचे उदाहरण घ्या. २०१० मध्ये तो ॲपलच्या ॲप स्टोअरवर आला. त्याचा परवाना होता जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची दुसरी आवृत्ती, १९९१ सालची. तिचे सहावे कलम सांगते की, प्रोग्राम पुढे देणाऱ्याने घेणाऱ्याच्या हक्कांवर जादा बंधन घालू नये. स्टोअरच्या अटी मात्र वापरावर आणि प्रती काढण्यावर मर्यादा घालत होत्या. व्हीएलसीचे एक प्रमुख प्रोग्रामर रेमी देनी-कूर्मों यांनी आपल्या कॉपीराइटच्या आधारे हरकत घेतली आणि जानेवारी २०११ मध्ये ॲप तिथून उतरले. फुकट ॲप कशासाठी अडवायचे, असे तेव्हा अनेकांना वाटले. पण जीपीएलमध्ये प्रश्न किमतीचा नसतोच. मिळालेली प्रत बदलण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा हक्क शाबूत राहतो की नाही, एवढाच असतो.

पुढची वाट कष्टाची होती. कोड लिहिणाऱ्या एकेकाला गाठून संमती घ्यावी लागली. व्हीएलसीचा गाभा एलजीपीएल या जीपीएलहून सैल परवान्याखाली गेला, आयफोनच्या ॲपला मोझिलाचा परवानाही जोडला गेला आणि जुलै २०१३ मध्ये ते स्टोअरवर परतले.

अँड्रॉइडवर वाट रुंद आहे. २०१० पासून चालणारे एफ-ड्रॉइड हे ॲप-भांडार केवळ मुक्त ॲप्स ठेवते आणि सहसा सोर्स कोडवरून ती स्वतः बांधते. पण ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की, प्रमाणित अँड्रॉइड फोनवर स्टोअरबाहेरून येणाऱ्या ॲपच्या निर्मात्यालाही ओळख पटवून नोंदणी करावी लागेल. सुरुवात २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमधून. एफ-ड्रॉइडने याला उघड विरोध केला. फसवणूक रोखायलाच हवी, पण त्यासाठी प्रत्येक हौशी प्रोग्रामरने एका कंपनीच्या दारात उभे राहावे, हे मान्य करता येणार नाही.

परवाना आधीच विचारपूर्वक निवडला तर काय साधते, ते मुंबईतच दिसते. ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे देवनागरी फाँट ओपन फाँट लायसन्सखाली आहेत. फाँट ॲपमध्ये घालून ॲप विकता येते. नुसता फाँट विकता येत नाही आणि बदललेला फाँटही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. त्यामुळे तो कोणत्याही स्टोअरमधल्या मराठी ॲपमध्ये बिनदिक्कत वापरता येतो.

म्हणून सॉफ्टवेअरकारांच्या या संमेलनाने तीन गोष्टींचा आग्रह धरावा. मराठी प्रकल्पाचा परवाना पहिल्याच दिवशी ठरावा आणि त्यात स्टोअरसाठी सवलत द्यायची असेल, तर प्रत्येक योगदानकर्त्याची लेखी संमती तेव्हाच घ्यावी. स्टोअरवर जी आवृत्ती, तिचाच सोर्स कोड लोकांपुढे असावा. आणि सरकारी पैशातून बनलेले प्रत्येक मराठी ॲप स्टोअरखेरीज त्या खात्याच्या संकेतस्थळावरूनही उतरवून घेता यावे.