फुकटची ऊब : संकरित मोटार आणि हिंवाळा

पाणी तापवून झाल्यावर चुलींत उरलेल्या निखाऱ्यांवर दूध ठेवणारी गृहिणी त्या दुधासाठीं वेगळें लांकूड जाळीत नाहीं. साध्या पेट्रोल-मोटारींतील हीटर याच न्यायानें चालतो. इंजिनांत जळणाऱ्या पेट्रोलची जेमतेम एक-तृतीयांश शक्ति चाकांच्या कामीं येते. उरलेली उष्णता कांहीं धुराबरोबर, तर कांहीं इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्याबरोबर बाहेर जाते. कूलंट या नांवानें ओळखलें जाणारें हें तापलेलें पाणी एका लहानशा जाळीदार पेटींतून फिरवून तिच्यावरून पंख्यानें हवा सोडली, कीं आंत बसलेल्या मंडळींना ऊब मिळते. या उबेसाठीं पेट्रोलचा थेंबहि जादा लागत नाहीं, अशी मोटारवाल्यांची समजूत आहे, आणि साध्या मोटारीपुरती ती बहुतांशीं खरीहि आहे.

परंतु संकरित, म्हणजे हायब्रीड, मोटार घरीं आली कीं हा हिशेब बदलतो. पेट्रोलचें इंजिन आणि विजेची मोटर यांची जोडी अशा गाडींत एकत्र नांदते. जपानमध्यें टोयोटा कंपनीनें १९९७ सालीं ‘प्रियस’ बाजारांत आणली, तेव्हांपासून हा प्रकार जगभर पसरला. भारतांत २०२२ सालीं मारुतीची ‘ग्रँड व्हिटारा’ व टोयोटाची ‘हायरायडर’ या गाड्या निघाल्या; त्यांच्या संकरित आवृत्त्यांचा चाचणींतील आंकडा लिटरला सुमारें २८ किलोमीटर असा आहे. ही काटकसर मुख्यतः दोन गोष्टींनीं साधते. गरज नसेल तेव्हां इंजिन आपोआप थांबतें, आणि ब्रेक लावतांना वायां जाणारी शक्ति वीज होऊन बॅटरींत सांठते. गर्दीच्या रस्त्यांत, उतारावर किंवा फाटकाशीं उभें असतांना इंजिन निवांत असतें.

पण जें थांबलें तें थंड होतें. इंजिन विसांवलें कीं कूलंटचें तापमान उतरूं लागतें, आणि हीटर तर त्याच पाण्यावर जगतो. मग गाडींतील नियंत्रक यंत्रणा चाकांना गरज नसतांनाहि केवळ पाणी तापविण्यासाठीं इंजिन सुरू करिते. दुधासाठीं चूल पुन्हा पेटवावी लागली, असाच हा प्रकार होय. यांतील सर्वच पेट्रोल वायां जातें असें नाहीं. इंजिन चालूं असतांना बॅटरीहि थोडीफार भरते. तथापि बंद राहण्यांत जी बचत होती ती तेवढ्यापुरती हातची जाते.

बॅटरींतील विजेवरच शेगडी कां पेटवूं नये, असा प्रश्न सुज्ञ श्रोत्यांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर साध्या अंकगणितांत आहे. वर सांगितलेल्या गाड्यांच्या बॅटरींत एकंदर सुमारें पाऊण युनिट वीज मावते. कडाक्याच्या थंडींत गाडी उबदार करण्यास तीन किलोवॅट शक्ति लागली, तर सगळी बॅटरी पंधरा मिनिटांत रिकामी होईल. आणि तिचें आयुष्य टिकावें म्हणून ती तळापर्यंत कधींच उपसूं दिली जात नाहीं. शेवटीं ती वीजहि पेट्रोलपासूनच आलेली असते. अशा गाडींत पेट्रोल हीच एक कमाई आहे. बॅटरी हा केवळ सांठवणीचा रांजण.

थंडीचा फटका केवळ हीटरमुळें बसतो असेंहि नव्हे. गारठलेलें तेल दाट होतें व इंजिनाला जड जातें. आरंभीं पेट्रोल अधिक सोडावें लागतें. धूर शुद्ध करणारें उपकरण तापल्याखेरीज कामास लागत नाहीं, म्हणून त्यासाठींहि इंजिन कांहीं काळ चालवावें लागतें. थंड बॅटरी वीज घेण्यास व देण्यास अनुत्सुक असते. त्यामुळें ब्रेकच्या वेळीं मिळणारी परतफेडहि घटते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानें दिलेले आंकडे या दृष्टीनें बोलके आहेत. पंचवीस अंश सेल्सिअसच्या मानानें उणे सात अंशांवर साध्या पेट्रोल-मोटारीचें मायलेज सुमारें १५ टक्के उतरतें, तर संकरित मोटारीचें ३० ते ३४ टक्के. शिकागो किंवा टोरोंटो येथें राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या हें दर जानेवारींत प्रत्ययास येतें. जिची काटकसर मोठी, तिचें नुकसानहि डोळ्यांत भरणारें असतें. तरीहि एकूण खर्चांत ती बहुधा साध्या मोटारीच्या पुढेंच राहते.

आतां बुलढाण्याकडे वळावें. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलें हें जिल्ह्याचें ठाणें विदर्भांतील थंड हवेचें गांव म्हणून ओळखलें जातें. थंडीच्या लाटेंत येथें पारा दहा अंशांच्या आसपास व क्वचित् त्याखालींहि उतरतो. उणे सात अंशांची ही थंडी नव्हे, म्हणून अमेरिकेचे आंकडे जसेच्या तसे येथें लावणें चुकीचें ठरेल. परंतु येथील वापराची रीति विचारांत घ्यावयास हवी. सकाळीं मुलांना शाळेंत सोडणें, बाजारांतून भाजी आणणें, कचेरींत जाणें, या फेऱ्या दोन-तीन किलोमीटरांच्या. पाणी तापूं लागतें न लागतें तोंच गाडी घरीं परतते, आणि घटकाभरानें पुन्हा थंड इंजिनानें आरंभ होतो. अशा तुटक फेऱ्यांत प्रत्येक वेळीं हीटर पूर्ण लावला, तर जाहिरातींतील आंकडा मालकाला दिसणारच नाहीं. तीच गाडी समृद्धि महामार्गावर मेहकरकडून नागपूरच्या दिशेनें निघाली, कीं इंजिन बराच वेळ चालूं राहतें, पाणी तापलेलेंच असतें, आणि ऊब जवळजवळ फुकट मिळते.

राजूर घाटाचें उदाहरण याहून मार्मिक आहे. मलकापुराहून मोताळामार्गे बुलढाण्यास येणारी गाडी घाट चढूं लागली, कीं इंजिनावर भार पडतो व उष्णता मुबलक होते. तेव्हां हीटर लावण्यांत तोटा कांहींच नाहीं. उलट पहांटे बुलढाण्याहून उतरतांना इंजिनाला काम नसतें. दीड हजार किलो वजनाची गाडी तीनशे मीटर खालीं आली तर तिच्या ठायींची सुमारें सव्वा युनिट शक्ति मोकळी होते. वाऱ्याच्या व टायरांच्या विरोधांत जाणारा भाग वगळला तरी बॅटरीला चांगलाच लाभ होतो. पण याच वेळीं हीटर पूर्ण लावलेला असला, तर उताराच्या फुकट प्रवासांतहि इंजिन ऊब देण्यासाठीं जागें होतें. रस्ता तोच, शेगडी तीच. दिशा बदलली कीं मोल बदलतें.

यंत्रज्ञांनीं यावर उपाय शोधले नाहींत असें नाहीं. २००४ च्या सुमारास अमेरिकेंत विकल्या गेलेल्या प्रियसमध्यें थर्मासच्या बाटलीसारखी टांकी असे. तींत गरम कूलंट सांठवून दुसऱ्या दिवशीं इंजिनाला आयतें पुरविलें जाई. पुढच्या, २०१० च्या, आवृत्तींत धुराबरोबर जाणारी उष्णता परत पाण्यांत घेण्याची योजना झाली. थंड देशांतील गाड्यांत बैठकच गरम करण्याची सोय असते. सगळी हवा तापविण्यापेक्षां माणसाची पाठ शेकणें पुष्कळ स्वस्त पडतें.

ज्यांच्या गाडींत अशा सोयी नाहींत, त्यांनींहि थोडें तारतम्य राखलें तर पुरे. पहिल्या दोन-चार मिनिटांत पाणी थंडच असतें. तेव्हां पंखा जोरानें सोडल्यास गार वारा अंगावर येतो आणि इंजिन तापण्यास उशीर मात्र होतो. हीटर २६-२७ अंशांवर लावण्याऐवजीं २१-२२ वर ठेवावा, आणि शाल किंवा स्वेटर अंगावर असावा. लहान-लहान कामें एकाच फेरींत उरकावीं. मात्र कांच धुक्यानें धरली असेल, तर काटकसरीचा विचार बाजूस ठेवून गरम हवा व एअर-कंडिशनर दोन्ही लावावीं. घाटांत स्पष्ट दिसणें हें पेट्रोलहून मोलाचें आहे. गाडींत तान्हें मूल अथवा आजारी आजी असतांना चार पैशांसाठीं त्यांना कुडकुडत ठेवणें यालाहि कोणी काटकसर म्हणणार नाहीं.

एक इशारा मात्र विसरूं नये. संकरित मोटार शांत उभी असली म्हणजे ती बंदच आहे असें समजणें धोक्याचें आहे. बटण दाबून ती पूर्णपणें बंद केली नसेल, तर पाणी किंवा बॅटरी यांच्या गरजेनुसार इंजिन आपोआप सुरू होऊं शकतें. बंद गॅरेजमध्यें असें झाल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु कोंडतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं, आणि तो झोंपेंतच प्राण घेतो. म्हणून गॅरेजचें दार लावण्यापूर्वीं गाडी खरोखर बंद झाल्याची खात्री घरांतील प्रत्येक चालकानें करावी, आणि ऊब मिळावी म्हणून बंदिस्त जागेंत गाडींत कधींहि बसूं नये.

बुलढाणा जिल्ह्यांत थंडीचे दिवस थोडे व उन्हाचे पुष्कळ. मलकापूर-शेगांवच्या सपाटीवर वैशाखांत गारव्यासाठीं लागणारी वीज हिंवाळ्यांतील उबेपेक्षां वर्षाच्या हिशेबांत अधिक भरेल; आणि तीहि अखेर पेट्रोलच्याच टांकींतून येते. म्हणून गाडीचा खरा गुण एका थंड सकाळच्या आंकड्यावरून ठरवूं नये. वर्षभर टांकी भरतांना लिटर व किलोमीटर वहींत टिपून ठेवावेत, म्हणजे कोणत्या ऋतूंत, कोणत्या रस्त्यावर व कोणत्या संवयीमुळें किती खर्च होतो, तें घरच्या घरीं कळून येईल.