शिकलेला हात

लालबागच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर एका मुलीने पार्लर काढले. माझी पत्नी केस रंगवायला गेली, तर मुलीने कानामागे रंगाचा एक ठिपका लावला आणि म्हणाली, "चाची, आता दोन दिवसांनी या. खाज सुटली तर रंग लावणार नाही."

पत्नी घरी येऊन गप्प बसली. वर्षापूर्वी दुसऱ्या एका पार्लरमध्ये असे कोणी काही पाहिले नव्हते; सकाळी तिच्या पापण्या सुजून डोळे मिटले होते. केसांच्या अनेक काळ्या रंगांत पीपीडी नावाचे रसायन असते, ते काहींना सोसत नाही. हे त्या मुलीला ठाऊक होते, कारण ती आयटीआयमध्ये वर्षभर शिकली होती.

पण हे शिकलेच पाहिजे, अशी सक्ती आपल्याकडे नाही. गुमास्त्याचा कागद दुकानाची नोंद सांगतो, हात शिकलेला आहे की नाही ते सांगत नाही.

सिनेमात याच्या उलट. तिथे संघटनेचे कार्ड नसेल तर रंगभूषेचे काम मिळणे कठीण. पण ते कार्ड पुरुषांनाच मिळे. चेहरा पुरुषाने रंगवायचा, बाईने केशभूषा करायची, असा शिरस्ता. ज्या मराठी रंगभूमीवर बालगंधर्व शालू नेसून उभे राहिले, तिच्या या शहरात बाईने चेहरा रंगवू नये!

चारू खुराणा अमेरिकेत रीतसर शिकून आल्या होत्या. त्यांनाही कार्ड नाकारले गेले. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळित यांनी हा भेद घटनाबाह्य ठरवला. पाच वर्षे महाराष्ट्रात राहिल्याची अटही गेली.

म्हणजे एकीकडे कोणी काहीच विचारत नाही आणि दुसरीकडे नको तेच विचारले जात होते. परवाना जरूर असावा. पण त्याने एवढेच विचारावे: हात स्वच्छ आहे का, शिकलेला आहे का, नाही म्हणायला धजतो का?

पत्नीचा तो ठिपका दुसऱ्याच दिवशी खाजू लागला. मुलीने रंग लावला नाही, पैसेही घेतले नाहीत. त्या ईदेला पत्नी पांढऱ्या केसांनीच नातलगांकडे गेली. डोळे मात्र उघडे होते.