दुसऱ्याला वाचता येईल अशी आज्ञावली



कार्यालयात नवा अधिकारी कार्यभार स्वीकारतो, तेव्हा तो प्रथम जुन्या नस्त्या चाळतो. आधीच्या अधिकाऱ्याने अमुक निर्णय कोणत्या नियमान्वये घेतला, हे टिप्पणीवरून उमगले तर काम पुढे सरकते. न उमगले तर त्याची झळ दाराशी उभ्या असलेल्या नागरिकाला लागते. आज सातबाऱ्याचा उतारा, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती अशी अनेक कामे संगणकामार्फत होतात. म्हणून संगणकाची आज्ञावली हीदेखील एक नस्तीच आहे आणि तीही पुढच्या माणसाला वाचता आली पाहिजे.

संगणक आज्ञा पाळतो. तिचा हेतू विचारीत नाही. समजा, एका ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या आज्ञावलीत ‘क = ख × ०.०५’ असे लिहिले आहे. यंत्राला तेवढे पुरते. परंतु दोन वर्षांनी सवलतीचा दर बदलला, तर नव्या माणसाला हा आकडा ठिकठिकाणी शोधावा लागेल. एखाद्या जागी तोच ०.०५ विलंबाच्या दंडाचा असेल, तर सवलतीबरोबर दंडही नकळत बदलून जाईल. त्याऐवजी ‘सवलत = घरपट्टी × सवलतीचा दर’ असे लिहावे, दर एकाच जागी नोंदवावा आणि तो कोणत्या ठरावाने ठरला हे शेजारी लिहावे. मग दुरुस्ती पाच मिनिटांची होते आणि कोणावर अन्याय होत नाही.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९८४ मध्ये एका निबंधात असा विचार मांडला की, आज्ञावली लिहिताना यंत्राला काय करायचे ते सांगण्यापेक्षा, आपण यंत्राकडून काय करवून घेऊ इच्छितो ते माणसाला समजावून सांगण्यावर भर असावा.

अस्पष्टतेची किंमत किती मोठी असते, याचे एक उदाहरण पाहू. अमेरिकेच्या नासा संस्थेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ पोहोचताच नष्ट झाले. यानाच्या लहान रॉकेटांच्या रेट्याचे आकडे जमिनीवरील एका आज्ञावलीने पौंडांच्या परिमाणात दिले होते. ते वापरणाऱ्यांनी न्यूटनच्या परिमाणात धरले. त्यामुळे हिशेबात सुमारे साडेचार पटींची तफावत पडली. चौकशी मंडळाने हेच मूळ कारण ठरविले व तपासणीतील इतर त्रुटीही दाखविल्या. आकड्याच्या नावातच परिमाण लिहिलेले असते, तर चूक वेळीच नजरेस येण्याचा संभव होता.

दुसरे उदाहरण इसवी सन २००० चे. जागा वाचविण्यासाठी जुन्या आज्ञावल्यांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहीत. शतक संपू लागले तेव्हा जगभरातील अशा आज्ञावल्या ओळीन् ओळ वाचून दुरुस्त कराव्या लागल्या. त्या कामात भारतीय तंत्रज्ञांचा मोठा वाटा होता. ज्यांनी त्या लिहिल्या, त्यांपैकी अनेकांनी त्या इतकी वर्षे चालतील अशी कल्पनाही केली नव्हती. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या अपेक्षेपेक्षा अधिक काळ टिकते, हा त्यातील धडा.

यासाठी चार पथ्ये पाळावीत. नावे अर्थ सांगणारी असावीत. आज्ञावलीच्या प्रत्येक लहान भागाने एकच काम करावे. टीपेत ‘काय केले’ यापेक्षा ‘का केले’ हे सांगावे. आणि लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या जाणकाराने ती वाचून पाहावी.

आपणांपैकी बहुतेकांना आज्ञावली लिहावी लागणार नाही. परंतु ती स्वीकारण्याची वेळ अनेकांवर येईल. त्या वेळी केवळ पडद्यावरचे चित्र पाहून समाधान मानू नये. मूळ आज्ञावली व तिची माहितीपुस्तिका ताब्यात मिळाली काय, तिऱ्हाईत जाणकाराने ती वाचली काय, हे विचारावे. शिक्षकांनीही विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर आले एवढ्यावर गुण देऊ नयेत. शेजारच्या विद्यार्थ्याला ती आज्ञावली वाचून समजावून सांगता येते काय, हे पाहावे.

एखाद्या वृद्धेचे निवृत्तिवेतन थांबले, तर ‘संगणकाने थांबविले’ हे उत्तर होऊ शकत नाही. कोणत्या नियमाने थांबले, हे तिला सांगता आले पाहिजे. आणि त्यासाठी आज्ञावलीतील ती ओळ वाचून समजणारी असली पाहिजे.