कर्ज कशासाठी, कन्सोल की लॅपटॉप?

अंबरनाथच्या शिवमंदिर भागातल्या आमच्या बचत गटात एका ताईंनी मुलाच्या गेम कन्सोलसाठी कर्ज मागितलं. आम्ही मिळून विचार केला. कन्सोल लावला की घरातला टीव्ही अडतो. त्यावर मुलांचा अभ्यास होत नाही, गटाचा हिशेबही नाही. गेम त्याच कंपनीच्या यंत्रावर चालतात. निन्टेन्डोने २०२३ मध्ये थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या यंत्रांचं ऑनलाइन दुकान बंद केलं. स्टीमवर घेतलेले गेम आपल्या खात्यावर राहतात. लॅपटॉप बदलला तरी उघडतात. मात्र डिस्क विकता येते, हे गेम विकता येत नाहीत. शेवटी ताईंनी लॅपटॉपसाठी कर्ज घेतलं. हप्ता आपण फेडणार, तर वस्तू सगळ्या घराच्या कामी यायला हवी, नाही का?