बोनसनं माणूस परत येत नाही! कबड्डी आणि आपला एमआयडीसीतला धंदा

कंपनीच्या बसमध्ये असाल, सेकंड शिफ्ट संपवून घरी निघाला असाल किंवा चाकणच्या तळेगाव चौकात नेहमीसारखे अडकला असाल, तर वीसेक मिनिटं माझ्याबरोबर चला. आजच्या भागात खेळ आणि धंदा. पण क्रिकेट नाही. कबड्डी.

कबड्डीच का, ते सांगतो. धंद्यावरचं कुठलंही भाषण ऐका, क्रिकेट येतंच. शेवटची ओव्हर, धोनी, सिक्सर. ऐकायला भारी वाटतं, पण सोमवारी सकाळी शॉपवर गेल्यावर त्याचं करायचं काय? कबड्डीचे नियमच वेगळे आहेत. तिथं गुण गेला की बहुतेक वेळा माणूसही जातो. सातचे सहा होतात, सहाचे पाच. आणि मैदान मात्र तेवढंच राहतं. भोसरीत किंवा तळवड्यात सहा-सात मशिन घेऊन जॉबवर्क करणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. दोन ऑपरेटर गावी गेले, एक मशिन बंद पडलं, तरी डिस्पॅचची तारीख तीच असते.

आधी आपल्या शेजारचंच उदाहरण घेऊ. पुणेरी पलटण. बालेवाडी म्हणजे वाकडवरून दहा-पंधरा मिनिटं, त्यामुळे ही टीम आपलीच. 2022च्या डिसेंबरमध्ये पलटण प्रो कबड्डीच्या फायनलला पोचली आणि जयपूरकडून 33-29 अशी हरली. पुढच्या मोसमात मात्र 1 मार्च 2024ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिल्यांदा ट्रॉफी आणली. त्या मोसमात साखळीतले 22 सामने खेळून पलटण फक्त 2 हरली होती.

आता गंमत बघा. त्या मोसमातला सर्वोत्तम चढाईपटू पलटणचा नव्हताच. तो दिल्लीचा आशू मलिक. पलटणकडे कॅप्टन अस्लम इनामदार होता, मोहित गोयत होता, पंकज मोहिते होता. चढाई वाटून घेतलेली. एकाला पकडलं तर दुसरा जायचा. मोठी बोली लावली होती ती इराणच्या मोहम्मदरेझा शाडलूवर, 2 कोटी 35 लाख. आणि तो मुळात पकड करणारा. म्हणजे सगळ्यात जास्त पैसा गुण आणणाऱ्यावर नाही, गुण वाचवणाऱ्यावर घातला.

पहिला मुद्दा इथंच. तुमच्या धंद्यात चढाईला जाणारे किती?

एकच मोठा कस्टमर असणं सुरुवातीला फार छान वाटतं. शेड्यूल पक्कं, गाडी रोज भरते, बँकवालाही हसून बोलतो. पण तळेगावचा जनरल मोटर्सचा प्लांट आठवा. 2017च्या मे महिन्यात कंपनीनं जाहीर केलं की भारतात गाड्या विकणं थांबवणार. प्लांट एक्स्पोर्टवर चालू राहिला आणि डिसेंबर 2020ला उत्पादन थांबलं. नंतर तो ह्युंदाईनं घेतला, व्यवहार पूर्ण झाला जानेवारी 2024ला. प्लांट परत उभा राहतो हो, पण मधली तीन वर्षं मोजा. ज्याचं सगळं टूलिंग, सगळं शेड्यूल एकाच गेटला बांधलेलं असतं, त्यानं ईएमआय कुठून भरायचा?

आणि हे फक्त कस्टमरपुरतं नाही. सेटर एकच असेल तर? प्रोग्रॅम त्यालाच येतो, ऑफसेट तोच घालतो, इन्स्पेक्टरशी तोच बोलतो. तो आजारी पडला की सात मशिन असलेलं शॉप त्या दिवशी दोन मशिनचं होतं. म्हणून दुसरा माणूस तयार करायचा. त्यात दोन-चार महिने स्पीड कमी होईल, थोडं रिजेक्शनही वाढेल. ते सोसायचं, कारण दुसरा चढाईपटू बाकावर बसून तयार होत नाही, त्याला मैदानात उतरवावंच लागतं.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात आवडतो. बोनस.

समोर सहा किंवा जास्त बचावपटू असताना चढाईपटूनं बोनस रेषा नियमानं ओलांडली की एक गुण मिळतो. फलक हलतो, टाळ्या पडतात. पण बोनसच्या गुणानं बाहेर बसलेला तुमचा खेळाडू परत येत नाही! समोरच्याला बाद केलंत किंवा पकडलंत तरच तुमचा माणूस आत येतो. तोही रांगेनं, जो आधी बाद झाला तो आधी.

आता धंद्यात या. टर्नओव्हर म्हणजे बोनस. बिल फाडलं, आकडा वाढला, स्टेटसला फोटो टाकला. पण पैसे शंभर-सव्वाशे दिवस अडकले, तर त्या बिलानं तुमचा कुठलाच माणूस आत आणला नाही. ना स्टीलचे पैसे सुटले, ना पगार. फलकावर पुढे आणि मैदानात तिघंच, अशी अवस्था होते. मग दणकून लोण बसतो.

इथं एक नियम तुमच्या बाजूनं आहे. 2006च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायला हवेत, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. मोठ्या कस्टमरशी भांडणं सोपं नाही, हे मलाही कळतं. पण निदान नवी ऑर्डर घेताना रेटच्या आधी पेमेंटचे दिवस विचारा. दोन रुपये कमी आणि तीस दिवसांत, हे पुष्कळदा दोन रुपये जास्त आणि एकशे वीस दिवसांपेक्षा बरं पडतं.

तिसरा मुद्दा, रिकामी चढाई. प्रो कबड्डीत चढाईला 30 सेकंद असतात. गुण न आणता परत येता येतं, पण सलग दोनदाच. तिसऱ्या चढाईला गुण आणायचा, नाहीतर बाहेर. नव्या धंद्याला हा नियम फार उपयोगी आहे. नवा प्रॉडक्ट, नवा कस्टमर, ॲप, काहीही असो, रिकाम्या चढाया किती परवडतात हे आधी ठरवा. सुरू करायच्या दिवशीच कागदावर लिहा: अमुक पैसे, अमुक महिने, तोपर्यंत एक तरी पैसे देणारं गिऱ्हाईक. हे आधी ठरवलेलं नसेल तर "अजून एक महिना बघू" म्हणत माणूस घराचं सोनं गहाण टाकतो.

आता ही तुलना कुठं फसते, तेही बोलूया. कबड्डी 40 मिनिटांत संपते, धंद्याला शिट्टी नाही. समोरची टीम हरली की आपण जिंकलो, असंही इथं नसतं. शेजारचं शॉप बंद पडलं तर उद्या अडलेला पार्ट कोण करून देणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कबड्डीत मैदानावरचे सातही जण टीममध्ये मोजले जातात. आपल्याकडे तसं आहे का? भिंतीवर "आम्ही एक टीम" असा बोर्ड, आणि खाली कंत्राटी पोरगा सात महिन्यांनी ब्रेक मिळणार म्हणून दुसरीकडं अर्ज टाकतोय. त्याची टीममध्ये आठवण कधी येते? रविवारी थांबवायचं असतं तेव्हा. कायद्यानं ओव्हरटाइमचा दर दुप्पट आहे, तो द्यायचा नसला की मग "टीम स्पिरिट" निघतं!

बचावात साखळी असते बघा, दोघं हात धरून उभे राहतात. एकानं झेप घेतली की दुसऱ्याला मागं यावंच लागतं. दुसरा येईल ही खात्री नसेल तर पहिला झेप घेतच नाही. शॉपवर तेच. पार्ट खराब दिसला तर मशिन थांबवायची हिंमत ऑपरेटर कधी करेल? थांबवल्यावर सुपरवायझर त्याच्यावर ओरडणार नाही, उलट त्याच्या बाजूला येऊन उभा राहील, हे माहीत असेल तेव्हाच. नाहीतर तो गुपचूप पार्ट बिनमध्ये टाकतो आणि पूर्ण लॉट कस्टमरकडून परत येतो.

तर या आठवड्यात तीन गोष्टी लिहून काढा. तुमच्या बिलांपैकी किती टक्के एकाच कस्टमरकडून येतात. कुठलं काम फक्त एकाच माणसाला येतं. आणि मागच्या महिन्यातल्या बिलांपैकी किती पैसे खरोखर खात्यात आले. नोकरी करत असाल तर मधला प्रश्न स्वतःला विचारा, आणि ते काम यायला लागा.

भाग आवडला तर ग्रुपवर टाका, शॉपच्या मालकालाही पाठवा. चिडला तर समजायचं, पकड बरोबर बसली. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!