डब्यातली ताकद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी माझ्याच हातून झालेली एक चूक सांगणार आहे. माझा नातू १६ वर्षांचा, कबड्डी खेळतो. गेल्या वर्षी त्याने भुकटीच्या एका डब्यासाठी पैसे मागितले. ‘आजी, यानं ताकद येते,’ म्हणाला. मी पैसे दिले; वर ‘आईला सांगू नकोस’ असेही म्हटले! थोड्याच दिवसांत त्याची झोप उडाली, छातीत धडधडू लागले. डॉक्टरांनी डबा मागवून वाचला. आत कॉफीतलेच कॅफिन होते, पण भरमसाट. डबा बंद केला, तेव्हा मुलगा सावरला.

मग मी डॉक्टरांना सारे विचारून घेतले. खेळणाऱ्या मुलाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे दीड ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ५० किलोच्या मुलाला दिवसाला ७५ ग्रॅम. एका अंड्यात ६, पेलाभर दुधात ६-७ आणि मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम मिळतात. उरलेली गरज डाळ, उसळ, दही, भाकरी भागवतात. यासाठी डबा कशाला?

क्रिएटिन म्हणून एक द्रव्य आहे. थोडा वेळ जोर लावायच्या कामात मोठ्या माणसांना त्याचा उपयोग होतो, हे खरे. पण मुलांवर त्याचा अभ्यास फार थोडा झाला आहे. म्हणून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्था १८ वर्षांखालील मुलांना ते घेऊ नका असे सांगते. स्टिरॉइड तर त्याहून घातक. त्याने हाडांची वाढ वेळेआधीच थांबून मुलाची उंची कायमची खुंटू शकते.

आणखी एक धोका. डब्यावर न छापलेले द्रव्यही कधी कधी आत निघते. बंदी असलेले द्रव्य शरीरात सापडले, तर नियमाने जबाबदारी खेळाडूची. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढी सबब पुरत नाही. खेळण्यावर काही वर्षांची बंदी येऊ शकते.

पुढे नातवाने मन मोकळे केले. संघातून आपल्याला वगळतील, अशी त्याला धास्ती होती. ते मी आधी विचारले असते तर!

म्हणून भगिनींनो, मुलाने डबा मागितला तर रागावू नका आणि लपूनछपून पैसेही देऊ नका. आधी त्याला जवळ बसवून विचारा, मग डबा डॉक्टरांना दाखवा.