कळलावी : घरच्या बागेतील अग्निशिखा



तामिळनाडूचे राज्यपुष्प 'सेंगांदळ' आणि सह्याद्रीच्या कुंपणांवर पावसाळ्यात फुलणारी कळलावी ही एकच वेल आहे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घराला ही ओळख आनंद देणारी आहे. संघमकालीन कवी कपिलर यांच्या 'कुरिंजिप्पाट्टु' या काव्यात नव्याण्णव फुलांची नामावळी येते. तिचा आरंभ याच फुलाने होतो. तामिळ कवींनी त्याच्या पाकळ्यांत स्त्रीची बोटे पाहिली, तर मराठीने त्याला 'गौरीचे हात' म्हटले. पुढे १७५३ मध्ये लिनियसने 'ग्लोरिओसा सुपर्बा' हे शास्त्रीय नाव दिले.

कळलावीची लागवड कंदापासून होते. कंद पांढरट, लांबट, बहुधा दोन फाट्यांचा असतो. त्याचे टोक मोडल्यास अंकुर जातो. म्हणून तो जपून हाताळावा. एक फूट खोल कुंडीत लाल माती, वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून जून-जुलैमध्ये कंद दोन-तीन इंच खोल, आडवा ठेवावा. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो. त्या वेळी कुंडीत पाणी साचले तर कंद कुजतो. तळाची छिद्रे आधीच मोकळी करावीत.

या वेलीला वेगळे ताणे नसतात. पानांची टोकेच वळून आधाराला धरतात. म्हणून जाड खांबापेक्षा बारीक काटक्या किंवा तार बरी. फूल उमलताना हिरवट पिवळे असते आणि पुढे लाल होत जाते. बहर सरल्यावर वेल वाळते. ती मेली असे समजून कुंडी रिकामी करू नये. पाणी थांबवून कंदाला विश्रांती द्यावी.

आता महत्त्वाची गोष्ट. कळलावीचा प्रत्येक भाग विषारी आहे. कंद आणि बिया विशेष. त्यांतील कोल्चिसिन पेशींचे विभाजन रोखते. संधिवाताच्या एका प्रकारावर हेच द्रव्य अत्यल्प, मोजक्या मात्रेत औषध ठरते आणि त्यासाठीच तामिळनाडूत बियांची शेती होते. प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून पूर्वी कंद वापरीत. 'कळलावी' हे नाव त्यावरून आले. तो उपचार नावापुरताच स्मरणात राहावा, घरी कधीही करू नये.

रताळी किंवा सुरण यांच्या शेजारी हा कंद लावू नये. कुंडीवर ठळक अक्षरांत नाव लिहावे, हातमोजे घालावेत, लहान मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून ती दूर ठेवावी. कोणी चुकून कंद खाल्ल्यास उलट्या-जुलाब काही तासांनीही सुरू होतात. त्यामुळे लक्षणांची वाट न पाहता, वेलीचा तुकडा बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

कंद कोणाला भेट देताना फुलाच्या स्तुतीबरोबर विषाची माहितीही द्यावी. ज्या घरात मुलांना या दोन्ही गोष्टी ठाऊक असतात, त्या घराच्या गच्चीवर ही अग्निशिखा निर्धास्त फुलू शकते.